‘ऊन’ हा एक शब्द आणि त्यातल्या दोन गोष्टी : लहान मुलांना सौरऊर्जा कशी शिकवावी

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकला की नागपुरात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘एवढं ऊन तापतंय, सोलरवाल्यांची तर चांदी असेल!’ बोलणारा मोठा माणूस असतो, ऐकणारी मुलं असतात, आणि ते मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. ते निम्मं बरोबर आहे आणि निम्मं साफ चूक.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. घरगुती छतावर १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान. तेव्हापासून गच्च्यांवर काळे-निळे पाट वाढत चाललेत. मेट्रोच्या स्टेशनांवरही ते दिसतात. मुलं विचारतात, ‘हे काय आहे?’ आपण सांगतो, ‘ते उन्हावर चालतं.’ घोटाळा इथूनच सुरू होतो.

ऊन म्हणजे काय, हे आधी ठरवू

‘उन्हात ये, छान उजेड आहे’ म्हणताना ऊन म्हणजे उजेड. ‘ऊन-ऊन भात वाढ’ म्हणताना ऊन म्हणजे गरम. मराठीत दोन्हीला शब्द एकच, त्यामुळे मुलांना उजेड आणि उष्णता ही एकच गोष्ट वाटते. सौरऊर्जेचा अर्धा अभ्यास म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या करणं.

गच्चीवर यंत्रंही दोन असतात आणि दोघांनाही आपण ‘सोलर’च म्हणतो. एक सोलर हीटर : काचेच्या नळ्या आणि वर आडवी टाकी. तो उन्हाची ऊब धरतो आणि पाणी तापवतो, वीज अजिबात करत नाही. दुसरं सोलर पॅनल : सपाट पाट. ते उजेडाची वीज करतं, आणि ऊब त्याला नकोशी असते. ‘आमच्याकडे सोलर आहे’ असं कुणी म्हटलं की ‘कोणतं?’ असं विचारायची सवय मुलांना लावा.

खालचे प्रयोग पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहेत. क्रम मुद्दाम ठेवला आहे. आधी ऊब, मग उजेड, मग दोघांची टक्कर.

ऊब धरायची : दोन गिलास

स्टीलचे दोन सारखे गिलास. एकाला बाहेरून काळा चार्टपेपर घट्ट गुंडाळा, दुसऱ्याला पांढरा. दोन्हींत मोजून २०० मिलिलिटर पाणी, एकाच माठातलं. वर झाकण म्हणून सारख्याच वाट्या पालथ्या घाला. दोन्ही गिलास लाकडी पाटावर ठेवा, फरशीवर नको, कारण तापलेली फरशी खालून दोघांनाही सारखीच ऊब देत राहते आणि फरक बुजतो. हिवाळ्यातल्या सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात करा. दर दहा मिनिटांनी तापमान मोजा, एकूण ४० मिनिटं. काळा गिलास चार-पाच अंशांनी पुढे गेलेला दिसतो.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा झाकणामुळे. नागपूरची हवा कोरडी. उघड्या पाण्याची वाफ होते आणि जाताना ती ऊब घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं किंवा कूलर चालतो तसंच. काळा गिलास जास्त तापतो, म्हणून त्यातून वाफही जास्त जाते, आणि शेवटी दोन्ही गिलास जवळजवळ सारखेच निघतात. मुलं म्हणतात, ‘काळ्या रंगाने काहीच झालं नाही.’ तसं झालं तर प्रयोग टाकून देऊ नका. वाट्या ठेवून पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहून घ्या. बाष्पीभवनाचा धडा फुकटात मिळतो.

दुसरी चूक तापमापकाची. ताप मोजायचा तापमापक चालत नाही. तो ३५ च्या खाली दाखवत नाही, आणि जुना असेल तर त्यात पारा असतो, फुटला की भानगड. प्रयोगशाळेचा लाल द्रवाचा तापमापक किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल वापरा.

या प्रयोगाचं भलं थोरलं रूप मुलांनी आधीच पाहिलेलं असतं. मे महिन्यात दुपारी नळाला कढत पाणी येतं ना? गच्चीवरची काळी टाकी म्हणजे न मागता मिळालेला सोलर हीटर.

ऊब कोंडायची : मेणाची पेटी

इंटरनेटवर सगळीकडे ‘पिझ्झाच्या खोक्यात चॉकलेट वितळवा’ हा प्रयोग सांगतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये चॉकलेट दप्तरातच वितळतं, त्यात खोक्याची काय कर्तबगारी? आपल्याला मेणबत्तीचं मेण बरं. ते साठ अंशांच्या आसपास वितळतं. जानेवारीच्या उन्हात नुसतं ठेवलं तर तसंच राहतं, पेटीत ठेवलं तर पाणी होतं. फरक वादातीत.

पुठ्ठ्याची दोन खोकी घ्या, बाहेरचं साधारण ४० सेंटिमीटर चौरस, आतलं ३०. मधल्या पाच सेंटिमीटरच्या फटीत चुरगळलेली वर्तमानपत्रं भरा, तळाशीही. दाबून ठासू नका. ऊब अडवायचं काम कागद नाही, कागदात अडकलेली हवा करते. आतल्या खोक्याच्या भिंतींना स्वयंपाकाची फॉइल चिकटवा, तळाला काळा कागद. त्यावर बाहेरून काळी केलेली स्टीलची वाटी, आणि वाटीत अंगठ्याच्या पेराएवढा मेणाचा तुकडा. वर काच किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करा. बाहेरच्या खोक्याचं एक झाकण फॉइल लावून उभं केलं की तो आरसा झाला. आरशातला लख्ख पट्टा वाटीवर पडेल असा वाकवा आणि दोरीने बांधा.

तसाच मेणाचा तुकडा दुसऱ्या काळ्या वाटीत, पेटीच्या बाहेर शेजारी ठेवा. ही दुसरी वाटी विसरली की प्रयोग संपला. मग ती नुसती गंमत.

साडेअकरा ते एक ही वेळ चांगली. सूर्य सरकतो म्हणून दर वीस मिनिटांनी पेटी फिरवावी लागते. तासाभरात मेण वितळलं नाही तर आधी कडा तपासा. बोटभर फट राहिली तरी गरम हवा निघून जाते. काचेच्या आत धुकं धरलं असेल तर पुठ्ठा ओलसर होता, म्हणून काच पुसून पुन्हा लावा, नाहीतर ते धुकं उजेड अडवत राहतं.

आत काय होतं ते मुलांना बंद कारवरून सांगा. उन्हात उभ्या गाडीत बसताना सीटचा चटका बसतो. काचेतून उजेड सहज आत येतो, काळ्या तळावर पडून त्याची उष्णता होते, आणि उष्णतेला काचेतून बाहेर पडणं अवघड जातं. आत यायला दार मोठं, बाहेर जायला खिडकी बारकी. सौरचूल याच तत्त्वावर भात शिजवते.

उजेडाची वीज : आता पॅनल

नागपुरात सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तळहाताएवढं पॅनल मिळतं. ‘६ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर’ असं सांगून मागा. हे दोन शब्द एकदाच समजून घेऊ. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर : तो जोर म्हणजे व्होल्ट. नळातून पडणारी धार किती जाड : ती धार म्हणजे अँपिअर, आणि मिलिअँपिअर म्हणजे त्याचा हजारावा भाग. दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट, प्रत्यक्ष होणारं काम. आपलं पॅनल ६ गुणिले ०.१, म्हणजे ०.६ वॉटचं.

आता उजेडाची वीज होते कशी? कॅरम आठवा. उजेड म्हणजे बारीक-बारीक स्ट्रायकरचा मारा आणि पॅनलमधले इलेक्ट्रॉन म्हणजे सोंगट्या. स्ट्रायकर बसला की सोंगटी जागची उडते. पण नुसत्या उडालेल्या सोंगट्या चारी दिशांना जातील, त्यातून वीज होणार नाही. म्हणून पॅनलच्या सिलिकॉनमध्ये दोन थर असे जोडलेले असतात की मधली सीमा वन-वेसारखी वागते : एका बाजूने जाता येतं, उलट येता येत नाही. पलीकडे गेलेल्या इलेक्ट्रॉनला परत यायला एकच वाट, आपण जोडलेली तार. त्या वाटेवर दिवा किंवा पंखा ठेवला की तो चालतो. अशा जोडलेल्या थरांच्या एका तुकड्याला सेल म्हणतात, आणि एका सेलचा जोर साधारण अर्धा व्होल्ट. म्हणून ६ व्होल्टच्या पॅनलवर बारा पट्ट्या दिसतात. मुलांना त्या मोजू द्या.

पॅनल आणलं, खेळण्यातल्या गाडीची मोटर जोडली, आणि काहीच फिरलं नाही, ही तक्रार नेहमीची. पॅनल खराब नसतं. हातगाडी ढकलताना पहिला धक्का सगळ्यात जड असतो, तशी मोटरलाही सुरुवातीला भरपूर धार लागते. बॅटरी तेवढा क्षणभर जोर लावते. पॅनल मात्र त्या क्षणी पडणाऱ्या उजेडाइतकीच धार देऊ शकतं, त्यावर एक थेंब नाही. मोटरच्या पात्याला बोटाने हलकी टिचकी मारून बघा. फिरायला लागली आणि फिरत राहिली तर दोष फक्त सुरुवातीच्या धक्क्याचा. कायमचा उपाय म्हणजे कमी धारेवर चालणारी मोटर : दुकानात ‘सोलर मोटर’ मागा, किंवा बंद पडलेल्या सीडी प्लेयरचा ट्रे आत-बाहेर करणारी मोटर काढा. पातं कार्डपेपरचं, चार सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

एलईडी लावलात तर वेगळीच फजिती होते. दिवा लागलेला असतो, पण भर उन्हात तो दिसतच नाही! तारा मीटरभर लांब घ्या आणि एलईडी बुटाच्या खोक्यात ठेवून भोकातून बघायला सांगा. लाल एलईडी घ्या, त्याला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात. लांब पाय पॅनलच्या लाल तारेला, आणि मध्ये धार आवरणारा २२० ओहमचा रेझिस्टर. तो नसेल तर एलईडी लखकन चमकून कायमचा झोपू शकतो. सगळ्यात बिनत्रासाचा म्हणजे ३ व्होल्टवर चालणारा बझर. आवाज उन्हातही ऐकू येतो, आणि पॅनलवर हात धरला की आवाज बसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना यापुढे काही समजवावं लागत नाही.

ट्यूबलाइटखाली बझर का वाजत नाही, हा प्रश्न येईलच. आपला डोळा लबाड आहे, तो खोलीतल्या उजेडाशी जुळवून घेतो. भर दुपारचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, खोलीतला दोन-तीनशे. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. डोळ्याला ‘जरा कमी’ वाटलेला उजेड पॅनलला तीन-चारशे पट कमी असतो.

‘ऊन जास्त, तर वीज जास्त’, नाही का?

ज्या प्रयोगासाठी एवढी उठाठेव केली, तो हा. लागतं फक्त तेच पॅनल, एक मल्टिमीटर (विजेचा जोर आणि धार मोजायचं यंत्र) आणि घरचा फ्रिज.

मल्टिमीटरची चकती डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) २० व्होल्टवर ठेवा. पॅनलला दुसरं काही जोडू नका. पॅनल कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वीस मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बाहेर काढताच त्यावर दव धरतं. मग पिशवीतून काढून पटकन उन्हात, सूर्याकडे तोंड करून ठेवा आणि लगेच आकडा वाचा. मग हात लावू नका. दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहायचा, पाच मिनिटं.

आकडा उतरत जातो. ऊन तेच, जागा तीच, पॅनल तेच. तापलं फक्त पॅनल. एक सेल एका अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्ट गमावतो. बारा सेल आणि वीस अंशांची वाढ धरली तर अर्धा व्होल्ट जवळजवळ गेलाच. मुलांनी या आकड्यांचा आलेख काढला की उताराची घसरगुंडी कागदावर दिसते.

कारण वन-वेचं. पॅनल जितकं गरम, तितकी आतल्या इलेक्ट्रॉनची धावपळ जास्त, आणि वन-वे मोडून उलट घुसणारे वाढतात. जोर कमी होतो.

गच्चीवरच्या पॅनलवर छापलेले वॉट २५ अंशांवर मोजलेले असतात. आणि तेही हवेच्या नाही, पॅनलच्या तापमानाचे. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज पोचतं. एका अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के. म्हणून फेब्रुवारीतली गार, लख्ख दुपार पॅनलला मे महिन्यातल्या भाजणाऱ्या दुपारीपेक्षा जास्त मानवते. याचा अर्थ मे वाईट असा नाही. दिवस मोठा, सूर्य डोक्यावर, उजेड भरपूर. फक्त त्या कमाईतून उष्णता अडत्यासारखी आपली अडत कापून घेते.

‘मग पॅनलवर सारखं पाणी मारत राहायचं का?’ पाणी आणि पंप यांचा खर्च वाचलेल्या विजेपेक्षा जड जातो. पॅनल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा जाईल असं उंच बसवणं, हाच खरा उपाय. उलट पॅनलची सावली पडल्याने खालचा स्लॅब कमी तापतो. पॅनलमुळे घर तापतं हा समज मुलांनाही खोडता येतो : चार विटांवर पुठ्ठा ठेवून तासाभराने खालच्या आणि शेजारच्या फरशीला हात लावून बघायला सांगा. हिवाळ्यातच, बरं का.

बोटभर सावली आणि चिमूटभर धूळ

बझर वाजत असताना एका बोटाने पॅनलवरची एक पूर्ण पट्टी झाका. बारातली एकच पट्टी, तरी आवाज एकदम पडतो. आता तेच बोट आडवं फिरवा, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा थोडा-थोडा भाग झाकला जाईल. आवाज जरासाच बसतो. झाकलेली जागा तेवढीच, परिणाम किती वेगळा!

सगळे सेल एकामागे एक ओळीत जोडलेले असतात. बागेच्या पाइपवर एके ठिकाणी पाय पडला तर पुढची सगळी धार तुटते, बाकीचा पाइप कितीही मोकळा असो. छतावरच्या पॅनलमध्ये अशा अडथळ्याला वळसा घालणारे आडरस्ते दिलेले असतात, त्यामुळे सगळं बंद पडत नाही. तरी एका ओळीवर सावली पडली की पॅनलचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. पाण्याची टाकी, शेजारच्यांचा मोबाइल टॉवर, वाढलेलं कडुलिंबाचं झाड यांकडे बसवणारे एवढं लक्ष का देतात, ते आता मुलांना कळेल.

धुळीसाठी मल्टिमीटर धार मोजायच्या मापावर घ्या आणि लाल तार त्यासाठी असलेल्या भोकात घाला. आकडा वाचा, चहाच्या गाळणीतून पॅनलवर चिमूटभर माती चाळा, पुन्हा वाचा, ओल्या कपड्याने पुसून तिसऱ्यांदा वाचा. कोरड्या कपड्याने पुसू नका, ओरखडे पडतात. झालं की लाल तार आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. आणि मल्टिमीटर मुलांच्या हातून घरातल्या प्लगकडे कधीही जाता कामा नये, हा नियम बिनअपवाद.

तिरपं पडलेलं ऊन

कणकेचा एकच उंडा. लहान लाटली तर पोळी जाड, मोठी लाटली तर पातळ. कणीक तेवढीच. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदावर सरळ धरा, वर्तुळ पडतं. टॉर्च तिरपा करा, वर्तुळाचा लांबट अंडाकार होतो आणि फिका पडतो. उजेडाची पोळी मोठी लाटली गेली.

पॅनलच्या एका कडेला पेन्सिल उभी चिकटवली तर निशाण मिळतं : पेन्सिलीची सावली दिसेनाशी झाली की पॅनल थेट सूर्यासमोर. तिथून तिरपं करत जा आणि धार मोजा. साठ अंश तिरपं केलं की धार निम्म्यावर येते. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून वर्षभराचा हिशेब जमवायला इथली पॅनल दक्षिणेकडे साधारण तेवढीच कललेली असतात.

रात्री काय? ढगांत काय?

बागेत रोवायचा छोटा सोलर दिवा आणा. त्यात वरती पॅनल, आत १.२ व्होल्टचा पुन्हा भरता येणारा सेल आणि एक एलईडी. दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी आत आणा. पॅनलवर तळहात ठेवला की दिवा लागतो, काढला की विझतो. अंधार ओळखायला वेगळं यंत्र नाही, पॅनलच सांगतं. नवा दिवा लागला नाही तर सेलखाली प्लॅस्टिकची पट्टी राहिली आहे का ते बघा. जुना लागत नसेल तर सेल संपलेला असतो. तिथे घड्याळाचा साधा सेल घालू नका, तो परत भरण्यासाठी बनवलेला नसतो, गळतो.

घरच्या छतावर मात्र बहुतेक वेळा बॅटरी नसतेच. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते, रात्री लागेल ती तिथून येते, आणि नेट मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो. रात्रीची वीज मग कोराडी, खापरखेड्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतून येत असते. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊनच, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात.

पावसाळ्यात वीज बंद होत नाही, घटते. दाट ढगांत ती दहाव्या हिश्श्यापर्यंतही उतरते. जुलैत बझर वाजतो का ते बघाच.

एवढ्याशा पॅनलवर कूलर चालेल?

हा प्रश्न नागपूरचं मूल विचारणारच. खोलीचा कूलर १८० वॉट धरा, आपलं पॅनल ०.६ वॉट. म्हणजे अशी ३०० पॅनल, तीही भर उन्हात आणि थंड असताना. छतावरचं एक मोठं पॅनल साधारण ५४० वॉटचं, सव्वादोन मीटर लांब. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात कूलर चालतो. अशी सहा लावली की ३ किलोवॉटच्या वर जातात, आणि स्वच्छ दिवशी त्यांतून साधारण १२ युनिट वीज मिळते. घरचं बिल समोर ठेवा आणि महिन्याचे युनिट ३० ने भागायला सांगा. चौथीच्या मुलाला जमतं.

मुलांना उन्हात न्यायचं, हे बरं का?

बरोबर शंका आहे. हे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मार्चनंतर सकाळी साडेआठच्या आत, आणि मेणाची पेटी तेव्हा नकोच. सूर्याकडे थेट बघायचं नाही, फॉइलच्या आरशातूनही नाही. म्हणून पेटी फिरवताना सूर्याकडे पाठ करून उभं राहायची शिस्त लावा. वितळलेलं मेण आणि तापलेली वाटी मोठ्यांनी उचलावी. भिंग लहान मुलांच्या हाती देऊ नका.

छोट्या पॅनलच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर काही होत नाही, धारेला वरची मर्यादा असते. छतावरच्या पॅनलची गोष्ट निराळी. तिथे ओळीने जोडलेल्या पॅनलमध्ये शेकडो व्होल्ट डीसी असतात, आणि ऊन आहे तोवर त्या तारांमधला जोर कुठल्याही बटणाने बंद होत नाही. त्या तारा आणि पेट्या मुलांनी लांबूनच बघायच्या.

वर्षभर चालणारा एक बिनखर्ची प्रयोग

३० सेंटिमीटरची सरळ काठी कुंडीत उभी रोवा आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली महिन्यातून एकदा मोजून खुणा करा. घड्याळाचे बारा हा क्षण नाही. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते, नागपूर त्याच्या पश्चिमेला ७९ अंशांजवळ. म्हणून आपली खरी मध्यान्ह बहुतेक वेळा उशिरा येते : फेब्रुवारीत साडेबाराच्या जरा अलीकडे, फक्त ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाराच्या किंचित आधी. २२ डिसेंबरला सावली जवळजवळ काठीएवढीच, ३० सेंटिमीटर. २१ मार्चला साडेअकरा सेंटिमीटर. मग ती आक्रसत जाते, आणि २६ मेच्या सुमारास, बारा वाजून दहा मिनिटांनी, नाहीशी होते. तेव्हा बाहेर भट्टी असते, म्हणून काठीजवळ एक गिलास उलटा ठेवा आणि जिन्याच्या दारातून दोन मिनिटं बघा : गिलासाला सावली नसते. जुलैच्या मध्यावर हे पुन्हा घडतं, पण तेव्हा ढग आड येतात.